रोटाच्या सोमवारी देवपूर

अंगणात तीन विटांची चूल मांडलीय, तिच्यावर खापर पालथं घातलंय आणि वाऱ्याच्या बाजूला पत्रा आडवा लावलाय. श्रावणातला वारा वाडीभोकर रस्त्याने सरळ आत शिरतो आणि जाळ भलतीकडेच नेतो. चुलीशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी कॉलनी माय म्हणते. माय पुरणाचा गोळा हातावर घेतात, एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत राहतात. पोळी मनगट ओलांडते, कोपरापर्यंत येते, पलीकडचा माणूस दिसेल इतकी पातळ होते आणि आता फाटणार असं वाटतं तेवढ्यात अलगद खापरावर जाऊन पसरते. दोन सुना शेजारी उकिडव्या बसून बघताहेत. धाकटीने एकदा प्रयत्न करून पाहिलाय. तो मांडा आता ताटात घड्या घालून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, सगळ्यांत खाली ठेवलाय.

आज रविवार. नागपंचमी होऊन गेलीय आणि धुळ्याच्या देवपुरात घरोघरी कानबाई, खानदेशाची देवी, बसते आहे. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो गौरीचा एखादा प्रकार असेल असं समजतो. इथल्या माणसाला मात्र दिवाळीला सुट्टी मिळाली नाही तरी चालतं, रोटाला, म्हणजे कानबाईच्या या सणाला, मिळालीच पाहिजे. या घरातला मोठा मुलगा सुरतेच्या कापड बाजारात कामाला आहे. तो काल रात्रभर उभ्याने प्रवास करून आलाय आणि आता पायरीवर बसून गिलकी चिरतोय. गिलक्यांची भजी, गंगाफळाची भाजी, खीर, कटाची आमटी आणि मांडे असा आजचा नैवेद्य. कांदा-लसणाचा वासही नाही.

रोट म्हणजे कानबाईचा प्रसादही; त्याचे गहू शनिवारीच दळून झालेत. घरातल्या, म्हणजे भाऊबंदकीतल्या, प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ टाकायची, असा तो हिशेब. सुरतेचा असो, नाशिकचा असो, सीमेवर फौजेत असो, त्याच्या नावाची मूठ पडते. जी बाई गहू निवडते, दळते, रांधते, तिची मूठ या हिशेबात नसते, हे मला कधीच पटलेलं नाही. मी ते बोलून दाखवायचा विचार करतो, पण माझ्याआधी घरातली दहा-अकरा वर्षांची नातच मायकडे जाते.

"माय, मनी मूठ टाकी का?"

"टाकी वं," माय खापरावरची नजर न काढता म्हणतात, "दोन टाक्यात."

मुलगी समाधानाने निघून जाते. माय खरं बोलल्या की वेळ मारून नेली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

संध्याकाळी पुढच्या खोलीत पाट मांडला जातो. भिंतीला नवी साडी ताणून लावलीय, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि त्यांच्यावर चिनी दिव्यांची माळ. पाटावर कलश, कलशावर नारळ. त्या नारळाला डोळे येतात, नथ येते, मळवट भरला जातो, गळ्यात घरातल्याच बाईची पोत पडते, आणि तासाभरापूर्वी पिशवीत असलेला नारळ आता घरची लेक झालेला असतो. सगळे तिच्याशी बोलू लागतात. हा नारळ या घराचा परंपरेचा आहे. तो वर्षभर देवघरात असतो. घर गावाकडून धुळ्यात आलं तेव्हा भांड्यांच्या आधी तो आला, असं मायचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणतात, मला सांगतात. नानांचं गाव साक्री रस्त्यावरचं नेर. एसटीत कंडक्टर म्हणून लागले, मुलं शिकवायची म्हणून देवपुरात प्लॉट घेतला. पहिल्या पावसाळ्यात घरापर्यंत सायकल खांद्यावर घेऊन यावं लागायचं.

मला चहा मिळतो, लाह्या-फुटाणे मिळतात, आग्रहाने मांडाही मिळतो. रोट मिळत नाही. तो मागायचाही नसतो. रोट भाऊबंदकीचा, तो उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि उरला तर परक्याला देण्यापेक्षा मातीत पुरतात. एवढ्या मोकळ्या हाताच्या लोकांनी एकच वस्तू अशी घट्ट धरून ठेवावी, यात मला त्यांचा कंजूषपणा दिसत नाही. पांगलेल्या भावांना वर्षातून एकदा एका ताटावर बोलावण्याची ती सक्ती आहे. दोन वर्षांपासून बांधावरून न बोलणारे नानांचे चुलतभाऊसुद्धा आलेत. ते नानांशी बोलत नाहीत, पण पंगतीत शेजारी बसलेत.

रात्र वर चढते तशी गाणी चढतात. बायका अहिराणीत गातात, एक ओळ घेते, बाकीच्या ती उचलतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुली आधी मोबाइलवर चित्रण करत असतात, मग मोबाइल ओट्यावर पडतो आणि त्या फुगडीत शिरतात. शेजारच्या घरात त्यांची स्वतःची कानबाई आहे, पलीकडच्या गल्लीत आणखी दोन. कुठे ढोल, कुठे लाउडस्पीकर. झोपण्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

सोमवारची सकाळ. आरती झाली आणि कानबाई वाटेला लागली. मोठ्या सुनेने पाट डोक्यावर घेतलाय, एका हाताने तो सावरत ती अनवाणी चाललीय. डांबरी रस्त्यावर घरोघरच्या बायकांनी पाणी ओतून ठेवलंय. दारादारात ती थांबते, बायका तिच्या पायांवर पाणी घालतात, पाटाला कुंकू लावतात. पुढे डफवाले, त्यांच्यापुढे नाचणारी पोरं, आणि सर्वांत पुढे एक माणूस, ज्याचं या घराशी काहीही नातं नाही पण जो मिरवणूक कशी न्यायची हे सगळ्यांना ओरडून सांगतोय. असा एक माणूस प्रत्येक मिरवणुकीला कुठून मिळतो कोण जाणे.

दत्त मंदिराच्या चौकात चारी बाजूंनी कानबाया येऊन मिळतात. रिक्षा, दुचाक्या, शिरपूरकडे जाणारी एक एसटी, सगळं जागच्या जागी थांबलंय. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. तो इंजिन बंद करतो, खाली उतरतो, पाटाला हात लावून परत वर चढतो. वाहतूक पोलीस शिट्टी तोंडात धरून उभा आहे, पण ती वाजवायचं त्याच्या मनात दिसत नाही.

हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. तो धुळ्याच्या बाजारातून निघून मोठ्या पुलावरून पांझरा ओलांडतो, देवपूर मधोमध चिरत नगावबारीकडे जातो आणि पुढे शिरपूरवरून सातपुड्याकडे लागतो. महामार्ग आता शहराला वळसा घालून गेलाय, पण इथले लोक अजूनही यालाच आग्रा रोड म्हणतात. देवपूर जे वाढलं ते या रस्त्याच्या आधाराने. आधी नदीकाठचं जुनं गावठाण, मग शिक्षणसंस्था, मग त्यांच्या भोवतीने गृहनिर्माण सोसायट्या. श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचं महाविद्यालय आणि जयहिंदचं महाविद्यालय हे इथले दोन मोठे खुंट. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, दोंडाईच्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा शिकायला आला की आधी खोली भाड्याने घ्यायचा. नोकरी लागली की प्लॉट. मग आई-वडील. मग कानबाईचा नारळ. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, कंडक्टर, एलआयसीचा एजंट, अशा लोकांनी हे उपनगर भरलंय. पाटीवर 'मातृछाया' लिहिलेलं असतं आणि गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत असतात.

मिरवणूक पुढे सरकते आणि उतारावरून नदी दिसू लागते.

पांझरा आज भरून नाही, पण वाहते आहे. काठावर एकवीरा देवीचं मंदिर. खानदेशातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. चैत्र पौर्णिमेला इथे यात्रा भरते तेव्हा जावळं काढायला आलेल्या रडक्या पोरांनी हा काठ भरून जातो. आज बायका मंदिरासमोर कानबाई क्षणभर थांबवतात, एकीची दुसरीशी भेट घालतात. नात विचारते, "ह्या बहिनी शेतस का?" कोणाकडेच नक्की उत्तर नाही. एक आजीबाई म्हणतात, "शेतस ना. आठे समद्या बहिनीच शेतस."

पाण्याच्या कडेला मी एका दगडावर उभा राहतो. समोरच्या काठावर जुनं धुळं. तिकडच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा, असाच पत्ता सांगतात आणि असाच लग्नपत्रिकेवर छापतात. त्या सरळ आखलेल्या रस्त्यांमागे एक इंग्रज कॅप्टन आहे. १८०३ मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या आणि भयंकर दुष्काळ एकदमच आले आणि धुळं पार ओस पडलं होतं. एकही माणूस राहिला नाही, असं जुन्या नोंदी सांगतात. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं आणि लळिंग-सोनगीरचा कारभार इथून हाकायला सुरुवात केली. १८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने नव्या खानदेश जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळंच निवडलं, १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली, दूरदूरचे कारागीर आणले. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरांना जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, घर बांधायला उचलही दिली. त्या वर्षी गावात ४०१ घरं होती आणि माणसं २५०९. बागायतीने वेढलेलं, नदी आणि पाण्याचा पाट यांच्या चिमटीत बसलेलं लहानसं गाव, असं त्याने त्याचं वर्णन केलंय. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेचार लाखांवर गेलं, आणि त्यातली मोठी भरती मी उभा आहे त्या काठाची.

तिकडचा काठ सरकारने आखला. इकडच्या काठाला असा कोणी कॅप्टन नव्हता. इथे जागा फुकट मिळाली नाही, हप्त्याने मिळाली. रस्ते वाकडे आहेत, कारण शेताचे बांध वाकडे होते. पण लोक आले ते भाऊबंदकीसकट आले, आपापल्या देवांसकट आले, आणि माझ्या मते देवपूर म्हणजे उपनगर कमी आणि साक्री-शिंदखेड्याच्या शंभरेक गावांनी एकमेकांना लागून टाकलेला तळ जास्त आहे. इथे कोणाला 'तुमचं गाव कोणतं' म्हणून विचारलं तर तिसऱ्या पिढीचा मुलगाही देवपूर सांगत नाही. कापडणे सांगतो, म्हसदी सांगतो, बेटावद सांगतो.

नदीत आता गर्दी झालीय. सून पाट घेऊन गुडघाभर पाण्यात उतरते. पूजा होते, नारळाला पाण्याचा स्पर्श करवला जातो, आणि परंपरेचा नारळ पुन्हा तिच्या ओटीत येतो. तो घरी जाणार. नवस फेडायला नव्याने आणलेली कानबाई मात्र वाहत जाते. शेजारच्या घराचा नारळ लाटेबरोबर दोनदा परत काठाला लागतो. एक पोरगा तो पुढे ढकलतो. "तिले जावानं नही शे," कोणीतरी म्हणतं आणि हशा पिकतो, पण त्या घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आहे.

या नदीवर भरवसा ठेवावा अशी ती नाही. उगम साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत. तापीला मिळते ती मुडावदजवळ. एवढ्याशा लांबीत तिने खानदेशाला पाणी वाटून कसं घ्यायचं ते शिकवलं. तिच्यावरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्याने पाणी सोडायचं आणि ते शेवटच्या शेतापर्यंत पोचलं की नाही ते बघायचं. शेतकऱ्यांची आपली आपण चालवलेली व्यवस्था, सरकार फार नंतर आलं. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच खोऱ्यातलं, दातर्तीजवळच्या नळाच्या सायफनचं. नाना एवढंच म्हणतात, "आमना बाप पाटकरी व्हता. विश्वेश्वरय्याना साहेब लोक त्याले इचारीसन जायेत." खरं-खोटं नाना जाणोत, वर्षांचा मेळ काही बसत नाही. बापाऐवजी आजा-पणजा धरला तर बसेलही.

आणि हीच नदी १८७२ मध्ये अशी आली की धुळ्यातली घरंदारं वाहून गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तिने शहराचा श्वास अडकवला होता. लहान पूल पाण्याखाली, देवपूर इकडे आणि दवाखाने, बाजार, कचेऱ्या तिकडे. त्या दिवसांत या काठाच्या लोकांना कळलं की आपण अजूनही नदीपलीकडचे आहोत. आता वर अक्कलपाड्याचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की भोंगा होतो, व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतो, आणि तरीही काठावर म्हशी धुणारा मनुष्य निवांत असतो.

दुपारी मिरवणुका परतल्यावर गल्ल्यांत सामसूम आहे. पाहुण्यांना घेऊन नानांचा धाकटा मुलगा 'धुळं दाखवायला' निघतो. मीही बसतो त्याच्या गाडीत. खरं सांगायचं तर देवपुरात दाखवण्यासारखं म्हणून तो काहीच दाखवत नाही, थेट पूल ओलांडतो. सिद्धेश्वर गणपतीला हात जोडले, पुढे राजवाडे संशोधन मंडळाची इमारत बाहेरून पाहिली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले दप्तरांचे रुमाल या गावाने सांभाळले. पाहुण्यांना तहान लागलीय, तेव्हा रुमालांवर कोणी थांबत नाही. तुरुंगाच्या भिंतीजवळून जाताना मुलगा गाडी थोडी हळू करतो. १९३२ मध्ये याच तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. मागच्या सीटवरून एक मावशी म्हणतात, "गुरुजी आमच्या अमळनेरचे." कोकणातल्या पालगडला जन्मलेल्या माणसावर खानदेश किती सहज हक्क सांगतो. अमळनेरच्या शाळेत त्यांनी मुलं घडवली, तेव्हा हक्क पोचतोही.

शेवटी लळिंगचा डोंगर. फारुकींच्या काळातला किल्ला, त्याच्या पायथ्याशी कुरण, आणि लांडोर बंगला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकर धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले तेव्हा इथे मुक्कामाला होते. त्या आठवणीने दर ३१ जुलैला इथे माणसांचा पूर लोटतो. किल्ला चढायला आमच्यात कोणीच तयार नाही. मांडे खाऊन आलेल्या माणसांकडून ती अपेक्षा चूकच. वर ढग उतरलेत, पायथ्याशी भाजलेली कणसं मिळताहेत, तेवढ्यावर सहल आटोपते.

परतताना मुलगा मला आणखी एक गोष्ट सांगतो आणि तीच त्याला सगळ्यांत अभिमानाची वाटते. "आमच्या मागे गोंदूर रोड आहे ना, त्या गोंदूरचे राम सुतार. नर्मदेवरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांचा." १९२५ मध्ये त्या गावात सुतारकाम करणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाने १८२ मीटरचा पुतळा घडवला, हे त्याच्या मते देवपूरच्या खात्यात जमा आहे. गोंदूर तिथून जवळच, म्हणून. मी हिशेब मान्य करतो.

घरी माय डबे भरताहेत. सुरतेच्या मुलाला आजच रात्री निघायचंय, उद्या हजेरी नाही लागली तर दोन दिवसांचा पगार जातो. कळण्याचं पीठ, बिबड्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, गिलकी. वेगळ्या फडक्यात घट्ट बांधलेलं काहीतरी. ते तो बॅगेत सगळ्यांत वर ठेवतो आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर चेन ओढून घेतो. चुलतभाऊ अजून गेलेले नाहीत. ओट्यावर नाना एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, मधे सुपारीचा डबा. नाना डबा सरकवतात. ते घेतात. बोलणं नाही.

"बांधनं काय करनं?" बऱ्याच वेळाने चुलतभाऊ विचारतात.

"मोजनी बलाव," नाना म्हणतात. "मी ईसू."

बाहेर रिक्षा आलीय. सुरतेच्या सगळ्या खाजगी गाड्या भरल्यात, एसटीच्या रांगेत उभं राहावं लागणार, असं रिक्षावाला सांगतो. मुलगा बॅग उचलतो. माय त्याच्या मागे रस्त्यापर्यंत जातात आणि त्याला बजावतात की पुढच्या वर्षी रजा आधीच टाक, रोट कोनत्या रविवारी ऱ्हास ते दिवाळीलेच पंचांगात पाहीसन ठेव. तो हो म्हणतो. रिक्षावाला विचारतो, तुमच्यात नागपंचमीनंतरचाच रविवार का? आमच्या भाऊबंदकीत एकदा सुतक आलं तेव्हा पुढे ढकलला होता. आणि मग रिक्षा सुरू करायचं सोडून तो, माय आणि मुलगा यांची त्यावर चर्चा रंगते.